ई-रिक्षाचं हँडल कुणाच्या हाती

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालाची बातमी माथेरानबाहेरही सगळ्यांनी वाचली. माणसानं माणसाला ओढायची ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं सांगितलं. त्याच निकालात पुढे एक वाक्य आहे, त्याची मात्र बाजारात फारशी चर्चा झाली नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा दिल्यावर ज्या उरतील, त्या माथेरानच्या आसपासच्या आदिवासी महिलांना आणि इतरांना पोटापाण्यासाठी द्याव्यात, असा त्याचा आशय. मी त्या वाक्यावर अडले. माझे वडील हातरिक्षा ओढायचे आणि आई डोक्यावर सामान वाहायची. आमच्या घरात परवान्याचा कागद होता तो वडिलांच्या कामाचा.

जे इथे आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे तिला बंदी. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट, आणि त्या वाटेवर आजवर पाय, घोडा, हातरिक्षा किंवा अमन लॉजवरून सुटणारी छोटी रेल्वेगाडी. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला तेव्हापासून या डोंगराचा सगळा व्यवहार 'कोण कुणाला वर नेणार' याच प्रश्नावर चालला आहे. साहेब पालखीतून आणि तट्टावरून आले. १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी आणली, त्यासाठी सोळा लाख रुपये ओतले गेले, आणि नेरळपासून खांदा देणाऱ्यांचं काम आटलं. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारनं हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. त्यामुळे इथली हवा टिकली हे खरंच. पण ती हवा खायला येणाऱ्यांच्या बॅगा हवेतून येत नाहीत.

हातरिक्षा एकटा माणूस ओढत नसे. एक पुढे दांड्यात, दोघे मागून रेटायला. चढाला मागचे दोघे छातीनं ढकलायचे, उताराला तेच मागे ओढून धरायचे, आणि उतारच जास्त वाईट असं वडील म्हणायचे. पावसाळ्यात चिखलात पाय रुतायचे, मे महिन्यात घशात धूळ. अशा ९४ परवानाधारक रिक्षा होत्या. त्या ओढणाऱ्यांची संघटना होती, सेवानिवृत्त शिक्षक सुनील शिंदे यांनी वर्षानुवर्षं कोर्टाचे उंबरे झिजवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता, अजूनही आहे. साडेचारशेच्या वर घोडे इथे आहेत; त्यांच्यावर कितीतरी घरं चालतात, तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

पण या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंना पुरुषच होते. रिक्षांचा आकडा होता, घोड्यांचा होता. आसलवाडी, बेकरेवाडी, किरवलीकडून ठाकर आणि कातकरी बायका पहाटे डोंगर चढून येतात, त्यांचा आकडा मी तरी कुठल्या बातमीत पाहिला नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एक सुटकेस, तिच्यावर दुसरी, खांद्याला तिसरी पिशवी, आणि पुढे मोकळ्या हातानं चालणारा पाहुणा भाव करतोय. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसानंतर गवताचे भारे. ते गवत घोडा खातो. म्हणजे घोड्याचा धंदा पुरुषाचा, पण घोड्याच्या पोटातला चारा बाईच्या मानेवरून आलेला. आईची मान शेवटी शेवटी डावीकडे वळेनाशी झाली होती. वडिलांच्या गुडघ्यांवर पेपरात लिहून आलं (म्हणजे रिक्षावाल्यांच्या गुडघ्यांवर), मानेवर कुणी लिहिलं नाही.

माझी मुलगी कर्जतला इतिहास घेऊन बी. ए. करते. माझी खानावळ दुपारी रिकामी झाली की ती तिथे अभ्यासाला बसते, आणि अमेरिकेचं काय काय मला मोठ्यानं वाचून दाखवते. त्यातलं टाइपरायटरचं प्रकरण मला फार आवडलं. अमेरिकेत यादवी युद्ध संपलं तेव्हा कचेरीतला कारकून म्हणजे बहुतेक पुरुषच. १८७४ च्या सुमाराला रेमिंग्टन कंपनीनं टाइपरायटर बाजारात आणला. ही कंपनी बंदुका करायची आणि शिलाई यंत्रंही. म्हणून पहिला टाइपरायटर शिलाई यंत्रासारखा दिसायचा, त्यावर फुलं रंगवलेली, ओळ बदलायला पायानं दाबायची पट्टी. १८८० मध्ये तिथल्या टंकलेखक-लघुलेखकांत सुमारे चाळीस टक्के बायका होत्या, १९०० पर्यंत तीन चतुर्थांशांहून जास्त. हे काम पुरुषांच्या हातून हिसकावलं म्हणावं तर तसंही नाही, कारण ते त्यांचं कधी झालंच नव्हतं. नव्या यंत्राला सुरुवातीची काही वर्षं मिशा फुटलेल्या नसतात. त्या फुटायच्या आत जो बसला त्याची खुर्ची.

अर्थात खुर्चीबरोबर पगारही ठरतो. बायकांचं काम झाल्यावर ते स्वस्त झालं. पूर्वीचा कारकून चढत चढत मालकाचा भागीदार होऊ शकायचा. टाइपिस्ट बाई टाइपिस्टच राहिली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत शिरलेल्या बायकांना १९४५ नंतर मोठ्या प्रमाणावर घरी पाठवलं, तेही मुलीनं वाचून दाखवलं आणि मग चिडून पुस्तक मिटलं.

विजेच्या मोटारीचं तर आणखी गमतीचं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत त्या खास बायकांसाठी म्हणून विकत. पेट्रोलच्या गाडीला पुढे उभं राहून हँडल फिरवावं लागे, त्यात मनगटं मोडत; विजेची गाडी गुपचूप सुरू व्हायची. हेन्री फोर्ड जगाला पेट्रोलच्या गाड्या विकत होता तेव्हा त्याची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आणली, फोर्डच्या गाड्या स्वस्त होत गेल्या, आणि विजेची गाडी मागे पडली. आता ती दस्तुरी नाक्यावर उभी आहे.

म्हणून मला घाई वाटते. ई-रिक्षा अजून कुणाची झालेली नाही, पण होत चालली आहे. हातरिक्षेवर तिघांची चूल पेटायची, ई-रिक्षा एकटा चालवतो. तेव्हा पुरुषांतच ओढाताण होणार आणि 'उरलेल्या' रिक्षा उरणारच नाहीत, ही भीती खोटी नाही. शिवाय पाहुण्याबरोबर बॅगही रिक्षात जाते. बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं याचा मला आनंदच आहे, फक्त ओझ्याबरोबर मजुरीही उतरते. कुणाला किती रिक्षा द्यायच्या हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या सनियंत्रण समितीनं ठरवायचं आहे. तिथे वाडीवरची एखादी बाई बसवली तर बरं होईल.

न्यायालयानं नमुना म्हणून दाखवलं गुजरातमधलं केवडिया. सरकारनं रिक्षा घ्यायच्या आणि भाड्यानं चालवायला द्यायच्या, अशी ती पद्धत. सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी त्या रिक्षा तिथल्या आदिवासी बायकाच चालवतात, हे मात्र इथे कुणी बोलत नाही. कर्ज नाही, दिवसाचं भाडं भरा आणि उरलेलं घरी न्या. आपल्याकडे राज्यानं २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली ती शहरांसाठी. डोंगरासाठी वेगळं काही करावं लागेल, कारण इथली अडचण वेगळी आहे.

ती अडचण मला आसलवाडीच्या एका काकीनं सांगितली. खानावळीत भाजी टाकायला आली होती. मी विचारलं, "काकी, मिळाली तर चालवशील का गं?"

"चालवीन की. म्हस वळती, ती का आयकती?" मग चुंबळ झटकत म्हणाली, "पन पावनं राती आठला येनार. गाडी हितं लावीन, मी खाली वाडीवर जाऊ कशी? अंधारात वाट हाय का?"

वाडीचा रस्ता हा आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीचा विषय आहे. मुलगी म्हणते, अर्जात दोन्ही मागण्या एकत्र घालू: रिक्षा, आणि रात्रीच्या पाळीला दस्तुरीजवळ बायकांना मुक्कामाची एक खोली. मसुदा तिनं लिहिलाय. काकीला अंगठा नको, सही करायची आहे, म्हणून गेले काही दिवस भाजीचा हिशोब ती स्वतः लिहून आणते, आणि माझ्याशी दरावरून जास्तच भांडते.