त्रिमिती चित्रपट आणि डोळ्यांची फसगत

डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर एक बोट उभे धरा आणि त्याच्याकडे पाहा. मागची भिंत अंधुक दिसेल. आता भिंतीकडे पाहा. भिंत स्पष्ट झाली, पण बोट अंधुक झाले. इतकेच नव्हे, तर एकाची दोन बोटे दिसू लागली!

या वेळी तुमच्या डोळ्यांनी दोन कामे केली. दोघांचीही नजर वळून भिंतीवर एकत्र आली आणि नेत्रभिंगांनी आपली वक्रता बदलून भिंतीची स्पष्ट प्रतिमा दृष्टिपटलावर पाडली. एरवी ही कामे जोडीने चालतात. त्रिमिती चित्रपट मात्र ही जोडी फोडतो.

भारतातील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणजे १९८४ सालचा मल्याळी 'माय डिअर कुट्टिचातन'. अशा चित्रपटात डाव्या व उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी चित्रे एकाच पडद्यावर पाडतात. चष्म्यामुळे प्रत्येक डोळ्याला आपापलेच चित्र दिसते आणि डोंगर पडद्याच्या मागे दूर असल्याचा भास होतो. नजर डोंगरावर जाते, पण नेत्रभिंगांना पडद्याच्याच अंतरावर जुळून राहावे लागते. काहींचे डोळे शिणतात, त्याचे हे एक कारण आहे.

आता समजा, चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्याचे भिंग नटावर जुळवले आणि डोंगर अंधुक राहिला. साध्या चित्रपटात हे चालते. उलट त्यामुळे प्रेक्षकाची नजर नटावर खिळते. त्रिमितीत मात्र नजर खोलवर भटकते. डोळे डोंगर स्पष्ट करू पाहतात आणि फसतात, कारण अंधुकपणा डोळ्यांत नसून चित्रातच असतो!

म्हणून अनेक छायाचित्रकार जवळचे व दूरचे सारेच स्पष्ट ठेवू पाहतात. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. २५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग ३ मीटरवर जुळवले आहे आणि चित्रात ०.०२५ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका बिंदूसारखाच भासतो, असे धरू. छिद्राचा व्यास १२.५ मिलिमीटर असेल, तर सुमारे २.४ ते ४ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. व्यास एक-चतुर्थांश केला, तर दीड मीटरपासून सुमारे ६२ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट! पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रकाश उरला सोळावा हिस्सा. तेवढीच उजळ प्रतिमा हवी, तर सोळापट प्रकाश पुरवायला हवा.

तेव्हा त्रिमिती चित्रपट पाहताना एखादी वस्तू अंधुक दिसली, तर तिच्याशी झटापट करू नका. जे स्पष्ट आहे, तेथेच नजर ठेवा. डोळे कमी शिणतील!