कष्टाचा दाम (लेखांक 4) : पगार किती तारखेपर्यंत?

वर्धा जिल्ह्यात मजुरी देण्याच्या अनेक रीती आहेत. निंदण-वेचणीचा चुकारा बहुधा आठवडी बाजार पाहून होतो, सालदाराचा हिशेब गुढीपाडव्याला, तर देवळी-हिंगणघाटकडच्या कारखान्यांत पगार महिन्याने. सालदाराच्या वर्षाच्या ठरावाचा विचार शेतमजुरीच्या लेखांकात होईल. येथे कारखाना, दुकान आणि जिनिंग एवढेच पाहायचे आहे.

पगाराची शेवटची तारीख वेतन कालावधीवरून ठरते, म्हणजे किती दिवसांच्या कामाचा हिशेब एकत्र होतो त्यावरून. हा कालावधी एका महिन्याहून मोठा ठेवता येत नाही. रोजंदारी असेल तर पाळी सुटतानाच पैसे द्यायचे. आठवड्याचा हिशेब असेल तर साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यापासून दोन दिवसांत. मासिक पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख संपण्याआधी हातात किंवा खात्यात पडला पाहिजे. नोव्हेंबरचा पगार 7 डिसेंबरनंतर झाला, तर ‘गाठी विकल्या गेल्या नव्हत्या’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

हे नियम वेतन संहिता, 2019 मधले आहेत. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्याआधी वेतन प्रदान अधिनियम, 1936 होता. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्या तेव्हा मध्य प्रांतात मोडत. त्या काळापासून हा कायदा इथल्या कामगारांच्या कामी येत होता. त्यात हजाराहून कमी कामगार असतील तर 7 तारीख आणि त्याहून मोठ्या ठिकाणी 10 तारीख, असा भेद होता. शिवाय ठरावीक पगाराच्या वर असलेल्यांना तो लागूच नव्हता. शेवटी ही मर्यादा महिन्याला 24,000 रुपये होती. संहितेने भेद आणि मर्यादा दोन्ही काढून टाकल्या. काम सुटले तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, मग मालकाने काढलेले असो की कामगाराने राजीनामा दिलेला असो. राजीनामा देणाऱ्याला महिनोन्‌महिने ‘पुढच्या पगाराबरोबर बघू’ म्हणून फिरवण्याची सवय आहे, तिला ही तरतूद थेट लागू पडते.

खरी भांडणे मात्र तारखेपेक्षा कपातीवरून जास्त होतात, आणि ती हंगामी कामात ठळक दिसतात. कापसाच्या हंगामात जिनिंगवर बाहेरगावचे मजूर मुकादमामार्फत येतात आणि निघण्याआधीच उचल घेतात. काम सुरू होण्याआधी दिलेली अशी उचल पहिल्या पूर्ण वेतन कालावधीच्या पगारातून वळती करता येते. पण येण्याच्या प्रवासखर्चासाठी दिलेले पैसे कापता येत नाहीत. उचल, दंड, नुकसानभरपाई, राहण्याची सोय, सगळे धरून एका पगारातून निम्म्याहून जास्त कपात चालत नाही. दंड वेतनाच्या 3 टक्क्यांपर्यंतच, आणि तोही कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. दंडाचे हप्ते पाडता येत नाहीत आणि 90 दिवस उलटल्यावर तो वसूलही होत नाही.

मुकादम पैसे घेऊन बेपत्ता झाला तर? मालक म्हणतो, ‘मी त्याला दिले’. पण पगार द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो दिला नाही, तर ती आस्थापनेच्या मालकावर येते. पुरावाही मालकानेच द्यायचा असतो. म्हणून हजेरीपट, वेतनपावती आणि खात्यातली नोंद यांना मोल आहे. वेतनपावती देणे मालकाला बंधनकारक आहे. ती मागितली तर ‘विश्वास नाही का?’ असा सवाल ऐकावा लागतो, पण ती मागण्यात गैर काही नाही.

पगार थकला तर दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आधी ही मुदत बारा महिन्यांची होती. तो कामगार स्वतः करू शकतो किंवा तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती करू शकते. दावा ऐकणारा अधिकारी राजपत्रित दर्जाहून खालचा नसतो. थकबाकीबरोबर तो तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. मालकाने आदेशानंतरही पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.