‘एक्लेसिया’ म्हणजे मंडळी

युनियन कुठे आहे, असे विचारले की लोक कचेरीच्या खोलीकडे बोट दाखवतात. चर्चचेही तसेच झाले. मराठी बायबलातील ‘मंडळी’ या शब्दामागे ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द आहे. अथेन्समध्ये त्याचा अर्थ नागरिकांची सभा. स्त्रिया व गुलाम यांना तीत मज्जाव. शब्द देवळातला नव्हे, चावडीवरचा!

प्रेषितांच्या कृत्यांचा 19 वा अध्याय पाहावा. इफिसचा देमेत्रिय हा चांदीचे देव्हारे करणारा. पौलाच्या उपदेशाने धंदा बुडणार, म्हणून तो कारागिरांना जमवतो. सारे शहर नाट्यगृहात लोटते. पण आपण कशासाठी जमलो, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. (सभा भरवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.) देमेत्रियाला डोळा मिळकतीचा, हे खरे. तरी त्या गोंधळी जमावाला आणि नगराचा चिटणीस जिच्याकडे तक्रार न्यायला सांगतो त्या कायदेशीर सभेला, दोहोंना ग्रंथकार एक्लेसियाच म्हणतो.

इंग्रजीत टिंडलने 1526 साली ‘जमलेले लोक’ या अर्थाचा शब्द योजला. पुढे राजा जेम्सच्या भाषांतरकारांना ‘चर्च’ हाच शब्द ठेवण्याचा नियम घालून दिला गेला. त्या शब्दाला इमारत चिकटलेली. आपल्या ‘मंडळी’ला भिंती नाहीत, कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, जुने लोक बायकोलाही म्हणत. 1611 च्या त्या इंग्रजी ग्रंथात इफिसच्या कारागिरांपाशी मात्र ‘चर्च’ बसेना. तेथे ‘सभा’च लिहावी लागली.