सोळावा माणूस

लेखमाला : कुणाच्या दारी जायचं? (भाग सहावा)

मागच्या भागात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं काम पाहिलं. बेलापूरचा एखादा जवान सीमेवर कामी आला, तर त्याच्या घरच्यांना कुठे जायचं हे विचारत फिरावं लागत नाही. रेजिमेंटकडून कागद हलतात, नगरच्या कार्यालयातला कल्याण संघटक वीरपत्नीकडून अर्ज भरून घेतो, शेवटच्या पगाराइतकी पेन्शन ठरते. उशीर होतो, हेलपाटे पडतात, पण दार ठरलेलं असतं. ही घडी एका दिवसात बसली नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर, 1919 साली सरकारनं सैनिकांसाठी मध्यवर्ती मंडळ काढलं, तिथपासून ती बसत आली आहे.

आता त्याच जवानाच्या शेजारचं घर घ्या. त्या घरातला मुलगा गाडीवर ड्रायव्हर आहे. भाडं घेऊन गेला आणि भूसुरुंगात सापडला. त्याच्या घरच्यांनी कुठे जायचं?

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी सुरुंग उडवला. शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस गेले, आणि त्यांना घेऊन निघालेल्या खासगी गाडीचा चालकही गेला. गाडी एक, स्फोट एक. पण पंधरा जणांमागे पोलीस खातं होतं, सेवापुस्तक होतं, वारसाचं नाव आधीच नोंदलेलं होतं. सोळावा कायद्याच्या भाषेत ‘नागरिक’. त्याची फाइल वेगळ्या वाटेनं जाते.

ती वाट अशी. दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसाचारात बळी पडलेल्या नागरिकांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना 1 एप्रिल 2008 पासून आहे. मदत आधी 3 लाख होती, 2016 मध्ये 5 लाख झाली. मृत्यू झाला तर, किंवा 50 टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर ती मिळते. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो. राज्य आधी पैसे देतं, केंद्र मागून भरून देतं. रक्कम तीन वर्षं मुदत ठेवीत आणि व्याज खात्यावर. पैसे कुणी भलत्यानं लाटू नयेत म्हणून हे केलंय, हे कळतं. पण कर्त्या माणसाच्या गाडीचे हप्ते थकलेल्या घराला तीन वर्षं व्याजावर काढायला सांगणं मला तरी पटत नाही.

माणूस नेमका कुठे होता, यावरही हक्क बदलतो. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर जे प्रवासी मारले गेले, त्यांच्या वारसांना रेल्वे कायद्याखाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत होतं, कारण त्या कायद्यात दहशतवादी कृत्य ही ‘अनुचित घटना’ धरली आहे. अट तिकिटाची, प्लॅटफॉर्म तिकीटसुद्धा चालतं. त्याच रात्री, त्याच बंदुकांनी, कामा हॉस्पिटलच्या गल्लीत पडलेल्याला ते दार नाही. (बेलापूरकरांना हे लवकर कळेल. आपल्या गावाच्या नावाचं स्टेशन श्रीरामपुरात आहे; हद्द आणि पाटी यांचा मेळ नसणं आपल्याला नवं नाही.)

आणखी एक दार आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. गुन्ह्यातल्या पीडितांच्या भरपाईची तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357-अ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. अर्ज करणारी बाई असेल, तर उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. बेलापूरच्या माणसाला त्यासाठी लगेच नगर गाठायची गरज नाही. श्रीरामपूरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत सुरुवात करता येते.

म्हणजे दारं तीन-चार आहेत, पण ती दाखवणारं कुणी नाही. प्रथम खबर पोलीस ठाण्यात, शवविच्छेदनाचा अहवाल सरकारी दवाखान्यात, वारसाचा कागद तिसरीकडे. घटना गडचिरोलीत आणि घर श्रीरामपूर तालुक्यात असेल, तर हे सगळं दोन जिल्ह्यांत.

कोलंबियानं यावर 2011 मध्ये कायदा केला. अनेक दशकांच्या यादवीतल्या बळींसाठी एक स्वतंत्र सरकारी संस्था आणि एकच नोंदवही. पीडितानं आपल्या गावच्या कार्यालयात जबानी द्यायची. ती खोटी आहे असं वाटलं, तर सिद्ध करण्याचा भार सरकारवर. नोंदवहीत 90 लाखांहून अधिक नावं चढली. पैसे मात्र त्या वेगानं आले नाहीत. दहा वर्षांचा कायदा 2031 पर्यंत लांबवावा लागला.

आपल्याकडे आकडा तेवढा मोठा नाही, त्यामुळे सबबही नाही. नवं महामंडळ काढायची गरज मला दिसत नाही. सैनिकांसाठी आहे तसा कल्याण संघटक नागरिकांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात नेमावा, कागद जमवण्याचं काम त्याचं असावं, आणि घटना कुठेही घडो, अर्ज राहत्या तालुक्यात घ्यावा. ठेवीतला काही भाग पहिल्याच महिन्यात हाती मिळावा.

पुढच्या भागात : अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आणि 50 टक्क्यांची रेघ कोण मारतं.