बाळंतीण घाबरते, पण सांगत नाही: कोणता बदल साधा, कोणता धोक्याचा?

बाळंतीण घरी आली की सगळ्यांचं लक्ष बाळाकडं जातं. आईच्या अंगात काय चाललंय, हे तिला लाजेनं सांगता येत नाही आणि कुणी विचारतही नाही. त्यामुळं साध्या गोष्टीनं ती घाबरते आणि खऱ्या धोक्याला घरचे 'होतंच असं' म्हणून सोडून देतात.

हे बदल साधे

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल असतं. पुढं तपकिरी, मग पिवळट-पांढरं होतं. हे चार ते सहा आठवडे चालू शकतं. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते, कारण तेव्हा गर्भपिशवी आकसत असते. रात्री घामानं कपडे भिजतात, कारण गरोदरपणात साठलेलं पाणी शरीर बाहेर टाकतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरताना काही जणींच्या काखेत गाठ येते. कॅन्सरची भीती वाटते. पण बहुतेक वेळा तो काखेपर्यंत असलेला स्तनाचाच भाग असतो आणि काही दिवसांत सूज ओसरते. गाठ राहिलीच तर मात्र दाखवावी.

तीन महिन्यांच्या सुमारास केसांचे पुंजके गळतात. गरोदरपणात न गळलेले केस आता एकदम गळतात. बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात.

इथं थांबू नका

- तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं
- ताप, थंडी वाजणं, अंगावरून घाण वास येणं
- एकाच पोटरीला सूज व दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं
- जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, झटके
- स्तन लाल, गरम होऊन ताप येणं

गरोदरपणात बीपी नॉर्मल होतं म्हणून निर्धास्त राहू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढून झटके येऊ शकतात. झटके आले की 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावत बसण्यात वेळ जातो आणि तोच वेळ जिवावर बेततो. रक्तस्राव, दम किंवा झटके असतील तर लगेच 108 ला फोन करावा.

आशाताईला विचारा

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. ती फक्त बाळाचं वजन करायला येत नाही. आईनंही तिला सगळं सांगावं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या मध्येच सोडू नयेत.

बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. पाजणाऱ्या आईला उलट जास्त पाणी लागतं. सतत रडू येणं, झोप न लागणं दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर तोही आजारच समजावा. त्यासाठी 14416 वर मोफत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर दोन आठवडे वाट न बघता तिला एकटं न सोडता लगेच दवाखान्यात न्यावं.

सासूबाईंनी, नवऱ्यानं दिवसातून एकदा तरी 'तुला कसं वाटतंय?' एवढं विचारलं, तरी बरंच काही वेळेत कळतं.