संगणकातील विस्तार-खाचांची वाटचाल

संगणकाच्या पेटीचे झाकण काढल्यास मदरबोर्ड या मुख्य फलकावर काही लांबट, अरुंद खाचा दिसतात. त्यांना ‘स्लॉट’ म्हणतात. चित्र, ध्वनी किंवा नेटवर्कचे कार्ड त्यांत बसविले की मूळ यंत्र न बदलता त्याची क्षमता वाढविता येते. जुन्या यंत्राचे आयुष्य वाढविणाऱ्या या खाचांचा इतिहास उद्बोधक आहे.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९८१ साली आणलेल्या वैयक्तिक संगणकात अशा पाच खाचा होत्या. त्यांतून एका वेळी ८ बिट माहिती जात असे. खाचेचा तांत्रिक तपशील कंपनीने प्रसिद्ध केल्यामुळे इतर उत्पादकांनाही कार्डे तयार करता आली. १९८४ मध्ये हीच खाच वाढवून १६ बिटांची करण्यात आली. तथापि बहुतेक जुनी कार्डे तीत चालत राहिली.

१९८७ साली मात्र याच कंपनीने ‘मायक्रो चॅनल’ ही नवी रचना आणली. ती अधिक वेगवान होती. परंतु तीत जुनी कार्डे बसत नसत आणि तिच्या वापरासाठी इतर उत्पादकांना परवाना घ्यावा लागे. ग्राहकांनी कार्डांवर केलेला खर्च वाया जाण्याची वेळ आली. तेव्हा कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये ३२ बिटांची ‘ईसा’ रचना जाहीर केली. तिने जुनी कार्डेही सामावून घेतली. सरस असूनही मायक्रो चॅनलचा सार्वत्रिक स्वीकार झाला नाही.

१९९२ साली इंटेलने ‘पीसीआय’ रचना मांडली. तिचा कमाल वेग सेकंदास १३३ मेगाबाइट होता. संक्रमणकाळात अनेक मदरबोर्डांवर जुन्या व नव्या खाचा शेजारी-शेजारी नांदल्या. पुढे समांतर तारांतील सर्व संकेत एकाच क्षणी पोहोचविणे वाढत्या वेगामुळे अवघड झाले. म्हणून २००३ च्या सुमारास ‘पीसीआय एक्स्प्रेस’ पुढे आली. तीत प्रत्येक कार्डाला स्वतंत्र मार्गिका मिळतात. पहिल्या आवृत्तीत एका मार्गिकेतून प्रत्येक दिशेस सेकंदाला २५० मेगाबाइट माहिती जात असे. पुढील आवृत्त्यांत हा वेग अनेक पटींनी वाढला; तरीही त्यांच्या खाचांत सामान्यतः आधीच्या आवृत्तीचे कार्ड चालते.

शाळा वा कार्यालयासाठी कार्ड खरेदी करण्यापूर्वी संगणकातील खाच कोणत्या प्रकारची आहे, याची खातरजमा अवश्य करावी. नव्याचा स्वीकार करताना जुन्यालाही जागा ठेवणारी, सर्वांस खुली असलेली रचनाच अखेर टिकते, हे या वाटचालीचे सार होय.