खरं-खोटं बघणार कोण?
वीकेंडला उरणच्या करंजा बंदरावर मासळी घ्यायला जाताय? मग हेही वाचाच. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले पालघरचे कितीतरी मच्छीमार त्यापायी पाकिस्तानी तुरुंगात पोचले. १ जुलै २०२५च्या याद्यांनुसार तिथे आपले १९३ मच्छीमार होते. आपल्याकडे त्यांचे ८१.

मायदेशी परत पाठवलेल्यांपैकी काही जण मारहाणीच्या, औषधपाण्याच्या आबाळीच्या तक्रारी करतात. पाकिस्तान त्या नाकारतो. खरं कुणाचं? दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची. तिची शेवटची फेरी ऑक्टोबर २०१३ची! ती पुन्हा सुरू व्हायलाच हवी. नाहीतर एकाचा आरोप, दुसऱ्याचा इन्कार आणि कोठडीतला खलाशी तिथेच.